‘रेडी रेकनरच्या वर एक रुपया देऊ नका’: नवख्या भागात घर घेणाऱ्यांना फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

सोलापूर, नांदेड, जळगावहून पुण्यात घर बघायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक निरोप सतत फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रेडी रेकनर हाच सरकारी भाव, त्याच्या वर एक रुपया देऊ नका. घरविक्रीच्या पोर्टलवरच्या दहा जाहिरातींची सरासरी काढून दहा टक्के वजा करा. चौरस फुटाचा दर शेजारच्या इमारतीशी ताडून पाहा. बँकेने कर्ज मंजूर केले की भाव रास्तच समजा. आणि मेट्रो किंवा रिंगरोड येणार असेल, तर आजचा भाव स्वस्तच आहे.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण लोक या पाच ओळींवर पंधरा-वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेतात, म्हणून स्पष्ट सांगायला हवे. त्या गल्लीत गेल्या वर्षभरात घरे प्रत्यक्षात कितीला विकली गेली, हे या पाचपैकी एकाही कसोटीतून कळत नाही. रास्त भाव तर त्यावरूनच ठरतो.

पहिला मुद्दा, ‘रेडी रेकनर म्हणजे सरकारी भाव’. रेडी रेकनर म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता. नोंदणी व मुद्रांक विभाग तो मुद्रांक शुल्कासाठी काढतो. दस्तात किंमत कमी दाखवून शुल्क बुडवले जाऊ नये, एवढाच त्याचा उद्देश. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन वर्षे राज्यात हे दर बदललेच नाहीत, एप्रिल २०२५ मध्ये वाढले. त्या दोन वर्षांत बाजार काही थांबून राहिला नव्हता. शिवाय दर ठरतो मूल्य विभागाचा, म्हणजे तक्त्यासाठी आखलेल्या एका अख्ख्या परिसराचा. हमरस्त्यावरची सोसायटी आणि तिच्या मागे नाल्याकाठची सोसायटी एकाच विभागात असतील, तर तक्त्यात दोघींना दर एकच. इमारतीचे वय आणि मजला यांसाठी ठराविक टक्क्यांची वजावट किंवा वाढ होते. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरते का, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला हरकत नसल्याचा दाखला) मिळाले आहे का, जागेवर दावा चालू आहे का, हे तक्त्याला माहीत नसते.

त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होते. चांगल्या घराला रेकनरच्या वर भाव असतो आणि ‘वर देणार नाही’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. काही विभागांत मात्र बाजारच रेकनरच्या खाली असतो, तिथे रेकनरइतका भाव देणारा जास्त देऊन बसतो. मापाचाही घोळ आहे. तक्त्यातला दर चौरस मीटरचा आणि बिल्टअप क्षेत्राचा, म्हणजे भिंतींसकट मोजलेल्या जागेचा असतो, एजंट बोलतो चौरस फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ६५,००० चा दर फुटात ६,०३९ होतो, पण तो कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेचा दर नव्हे.

रेकनर पाहायचाच, पण खर्चाच्या हिशेबासाठी. करारातली किंमत आणि रेकनरचे मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागते. समजा रेकनरने मूल्य ६० लाख येते आणि सौदा ५२ लाखांत होतो आहे. फरक ८ लाखांचा, म्हणजे सौद्याच्या १० टक्क्यांहून जास्त. मग ते पूर्ण ८ लाख आयकर खाते खरेदीदाराचे उत्पन्न धरू शकते. ‘रेकनरच्या खाली मिळाले, फायदा झाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी मांडावा.

दुसरा मुद्दा, पोर्टलची सरासरी. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. एकच फ्लॅट चार एजंट चार भावांनी टाकतात आणि सरासरीत तो चारदा मोजला जातो. रास्त भावाचे घर लवकर विकले जाऊन जाहिरातीतून निघून जाते, महागडे महिनोन्‌महिने तिथेच राहते. म्हणजे पाहणाऱ्यापुढे बहुतेक न विकली गेलेली घरेच येतात. त्यातून ‘दहा टक्के वजा’ करण्याला आधार काहीच नाही. सौद्यात फरक तीन टक्क्यांचा असू शकतो, पंधराचाही.

खरे आकडे फुकट मिळतात आणि बाहेरगावी बसूनही मिळतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सेवा आहे. तिथे सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात, तो नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा पाहता येतो. ही खरी कामाची जागा, म्हणून थोडे सविस्तर.

आधी इमारतीचा सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर मिळवा. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या (रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याच्या पानावर तो असतो. जुन्या इमारतीसाठी विकणाऱ्याकडे त्याच्या कराराचे मालमत्तेचे वर्णन मागा. तेवढे पान द्यायलाही टाळाटाळ होत असेल, तर दुसरे घर पाहिलेले बरे. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांचेही नंबर घ्या. ई-सर्चवर वर्ष, जिल्हा, गाव आणि हा नंबर टाकून चालू आणि मागचे, अशी दोन वर्षे वेगवेगळी शोधा. नंबर एका पद्धतीने टाकून काही सापडले नाही, तर पोटहिस्सा वगळून फक्त मूळ नंबर टाकून पाहा. एकाच नंबरावर अनेक इमारती असतात, तेव्हा वर्णनात इमारतीचे नाव वाचूनच नोंद उचला.

यादीत बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे, गहाणाच्या नोंदी, चूक दुरुस्तीपत्रे असे सगळेच येते. त्यातून फक्त करारनामे आणि खरेदीखते घ्या. एकाच फ्लॅटचा आधी करारनामा आणि नंतर खरेदीखत असेल, तर एकदाच मोजा. खरेदीखत काल झालेले असले तरी भाव कराराच्या वेळचा असतो. बिल्डरने विकलेले आणि पुनर्विक्रीचे व्यवहार वेगळे ठेवा, कारण बिल्डरच्या करारातला भाव बुकिंगच्या दिवशीचा असतो आणि नोंदणी कधी कधी बरीच नंतर होते. प्रत्येक नोंदीतून चार गोष्टी लिहून काढा: मोबदला, क्षेत्रफळ, मजला, दस्ताची तारीख. असे सहा-आठ व्यवहार जमले की भावाचा पट्टा दिसू लागतो.

आता यातला धोका. सूचीत ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेकनरने येणारे मूल्य. पुनर्विक्रीच्या नोंदींमागून नोंदींत हे दोन्ही आकडे जवळपास एकच दिसले, तर तिथे काही रक्कम रोखीत फिरत असण्याची दाट शक्यता आहे. मग तो आकडा तळाचा समजावा. स्वतः मात्र त्या वाटेला जाऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याचे नुकसान पुढे होते. उद्या घर विकताना त्याची खरेदी किंमत दस्तातली तेवढीच धरली जाते आणि न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो.

याच शोधात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाडेकरारांच्या नोंदीही येतात, कारण महाराष्ट्रात भाड्याचे करार नोंदवणे बंधनकारक आहे. त्यातले मासिक भाडे गुणिले १२, भागिले घराची किंमत, हे गुणोत्तर काढा. आपल्या ओळखीच्या गावातल्या तशाच घराचेही काढा. तिकडे ३ टक्के आणि इथे २ टक्के येत असतील, तर इथला भाव राहण्याच्या गरजेवर नसून पुढच्या आशेवर उभा आहे.

तिसरा मुद्दा, चौरस फुटाचा दर. दर ताडून पाहायलाच हवा, पण कोणत्या फुटाचा? एका घराची जाहिरात आहे १,००० चौरस फूट ‘सेलेबल’ (जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून सांगितलेले क्षेत्र), ७५ लाख. दर दिसतो ७,५००. दुसरे ७८० चौरस फूट रेरा कार्पेट, ७६ लाख, दर ९,७४४. पहिले स्वस्त वाटते. त्यात कार्पेटवर ३५ टक्के लोडिंग, म्हणजे या वाट्याची भर, असेल तर १,००० भागिले १.३५, म्हणजे कार्पेट ७४१ आणि खरा दर सुमारे १०,१२०. आणि ‘३५ टक्के’ म्हणजे हजारातून वजा, असा विक्रेत्याचा अर्थ असेल तर कार्पेट फक्त ६५० आणि दर ११,५३८. म्हणून टक्केवारी विचारूच नका. करारात लिहिलेले कार्पेट विचारा आणि बाल्कनी त्यात धरली आहे का तेही विचारा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये येतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. रेराच्या आधीच्या करारांत हे सरसकट असे नसते. शंका असली तर टेप घेऊन खोल्या मोजा, वीस मिनिटांचे काम आहे.

बांधकाम चालू असलेल्या घराची तयार घराशी तुलना करताना ५ टक्के जीएसटी मिळवा. परवडणाऱ्या घरांच्या मर्यादेत बसले तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही, त्यामुळे ७६ लाखांवर फरक ३ लाख ८० हजारांचा पडतो. ताबा मिळेपर्यंतचे घरभाडे वेगळेच. उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे कोणी मागितले तर २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. ती जागा बिल्डरला विकताच येत नाही.

चौथा मुद्दा, बँकेची मंजुरी. बँक पाहते ती स्वतःच्या वसुलीची सोय. ७५ लाखांच्या वरच्या कर्जात ती किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देऊ शकते, म्हणजे तुम्ही पाच-सात टक्के जास्त दिले तरी तिचे पैसे सुरक्षित. मूल्यांकन करणाऱ्याला कराराची किंमत बहुधा आधीच माहीत असते आणि अहवाल तिच्या आसपास येतो. बँकेच्या नकाराला मात्र मोल आहे. एकापेक्षा जास्त बँका त्या इमारतीला कर्ज देत नसतील, तर कारण समजल्याशिवाय टोकन (बयाणा) देऊ नका.

पाचवा मुद्दा, ‘मेट्रो येणार, म्हणून स्वस्त’. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या प्रत्येक माहितीपत्रकात मेट्रो आहे, म्हणजे विकणारा तिचे पैसे आधीच घेतो आहे. घेणाऱ्याने आज काय आहे ते मोजावे. वाघोलीसह २३ गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण हद्द बदलल्याने नळाला पाणी येत नाही. सोसायटीकडे गेल्या बारा महिन्यांची टँकरची बिले मागा, एप्रिल-मेची तर नक्कीच. घरटी महिना २,००० पडत असतील तर वर्षाचे २४,००० झाले, म्हणजे साडेआठ टक्क्यांनी सुमारे २ लाख ८२ हजारांच्या कर्जाचे व्याज. भाव ठरवताना हा आकडा कागदावर मांडून विकणाऱ्यापुढे ठेवता येतो. सोबत महारेरावर आसपासच्या प्रकल्पांत किती घरे अजून विकायची आहेत तेही पाहा. किलोमीटरभरात शेकडो घरे शिल्लक असतील, तर ‘आज बुकिंग केले नाही तर उद्या दर वाढेल’ या बोलण्याला घाबरायचे कारण नाही.