‘कपस’वर लाल रेघ का मारली नाही

काका, नमस्कार.

कापसाच्या बोंडाचं चित्र आणि त्याखाली ‘कपस’ असा शब्द, माझ्या पहिलीच्या वर्गातल्या मुलाच्या वहीचा हा फोटो मी टाकला होता. त्यावर मी लाल रेघ मारली नाही, असंही लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया आली : ‘आमच्या वेळी बाराखडी घोटून घ्यायचे, म्हणून आमचं शुद्धलेखन पक्कं. तुम्ही बाहेरची खुळं खेड्यातल्या लेकरांवर चालवता, वरून त्यांची वऱ्हाडीही तशीच ठेवता. ही पोरं पुढे टिकणार कुठं?’

शेवटचा प्रश्न माझाही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नोकरीची पहिली काही वर्षं बाराखडी मीही घोटूनच घेतली. एक मुलगी सगळ्या ओळी एका दमात म्हणायची. एकदा तक्त्यावर मधेच ‘मू’वर बोट ठेवलं. ती गप्प. मग पुटपुटायला लागली, म, मा, मि, मी, मु, मू... आणि म्हणाली, ‘मू’. प्रत्येक अक्षरासाठी तिला ओळीच्या सुरुवातीपासून चालत यावं लागत होतं. ‘मूग’ वाचताना ‘ग’पर्यंत पोचेतो ‘मू’ विसरलेला असायचा. आणि या मुलीला वाचता येतं, असा शेरा मी देऊन बसले होते.

आता ‘कपस’ पाहा. फळ्यावर तो शब्द नव्हता. घरी वेचणी चाललेली, म्हणून पोराने आपल्या मनाने बोंड काढलं आणि खाली नाव घातलं. शब्द तोंडातल्या तोंडात म्हटला, त्याचे तीन तुकडे केले, तिन्ही तुकड्यांना बरोबर अक्षर शोधलं. राहिला तो काना आणि दुसरा उकार. बरीच मुलं आधी अक्षर पकडतात, मात्रा मागाहून. हाच मुलगा दोन महिन्यांपूर्वी चित्राखाली नुसत्या नागमोडी रेघा ओढत होता.

मी रेघ मारली नाही, पण सोडूनही दिलं नाही. ‘काऽऽपूस’ असं लांबवून म्हणायला लावलं आणि विचारलं, ‘“क” ऐकू येते, की “का”?’ त्याने दोनदा म्हणून पाहिलं आणि काना दिला. उकार पुढच्या आठवड्यात आला. हे फोटोसोबत यायला हवं होतं, राहून गेलं. तुमचा गैरसमज त्यामुळे झाला असेल तर दोष माझा.

बाहेरच्या खुळाचं म्हणाल, तर लिहायला शिकवण्याआधी मुलांना चित्र काढायला शिकवावं, हे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. नई तालीम या त्यांच्याच शिक्षणपद्धतीची परिषद १९३७ साली आपल्या वर्ध्यातच भरली होती.

वऱ्हाडीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. आमच्याकडे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, फळाला ‘फय’. मुलाने ‘डोया’ लिहिलं, म्हणजे कानाने ऐकलं ते हाताने नेमकं उतरवलं. तिथे ‘चूक’ म्हटलं की त्याचा स्वतःच्या कानावरचा भरवसा जातो आणि तो शेजारच्याच्या वहीत डोकावू लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून फळ्यावर दोन रकाने करते, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. एकीकडे डोया, पानी, फय. दुसरीकडे डोळा, पाणी, फळ. थोड्या दिवसांनी मुलंच ओरडून रकाने भरतात. ‘ळ’ म्हणताना जीभ कुठं लागते ते एकमेकांच्या तोंडात बघून शिकतात. प्रमाण मराठी त्यांना आलीच पाहिजे, यात तुमच्या-माझ्यात तसूभर फरक नाही. तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं, हे २०२१ पासून निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं ध्येयही आहे. पण तिथवर जायची वाट घरच्या भाषेतूनच जाते, तिला वळसा घालून नाही.

तुमची नात पहिलीत आहे म्हणालात. बाराखडी तिच्याकडून जरूर म्हणवून घ्या, फक्त ओळ मोडून विचारा. आणि त्याआधी म, क, न, ल एवढी अक्षरं आणि काना घ्या. तेवढ्यावर काम, नाक, कान, माल, मामा, नाना वाचता येतात. काय वाचलं तिने, ते नक्की कळवा.