युद्ध लागलं की मार्केट पडणारच?

"युद्ध सुरू झालं की मार्केट कोसळतंच, सगळं विकून मोकळे व्हा" असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. १७ जानेवारी १९९१ ला इराकवर हल्ले सुरू झाले तेव्हा कच्चं तेल एका दिवसात जवळपास एक तृतीयांश पडलं आणि अमेरिकेच्या शेअर बाजाराचा निर्देशांक डाउ ४ टक्क्यांहून जास्त वर गेला, कारण भीती आधीच भावात आली होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा सेन्सेक्स २७०० पॉइंट आपटला हे खरं, पण त्याच दिवशी अमेरिकेचा दुसरा निर्देशांक नॅसडॅक सकाळी ३ टक्के खाली उघडून संध्याकाळी ३ टक्के वर बंद झाला, म्हणजे घाबरून सकाळी विकलं त्यांचं नुकसान पक्कं झालं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं होतं, तसं तेल महिनोन्महिने अडकलं तर मात्र गोष्ट वेगळी.