बॉम्ब चालतो, प्रार्थना चालत नाही

मला एक पुस्तक सुचवायचंय. आधीच सांगून टाकते, ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स आहे. थांबा, जाऊ नका. आमच्या नेपरव्हिलच्या वाचन ग्रुपमध्ये हे तीन शब्द मी एका दमात बोलले तर तीन जणांनी तीन वेगवेगळ्या शब्दांवर हरकत घेतली, आणि चौथा शब्द नव्हता म्हणून बाकीचे सगळे साबुदाणा वड्यांकडे वळले.

ग्रुप म्हणजे काय, तर शिकागोच्या या उपनगरातले आम्ही काही मराठी लोक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो, पुस्तकाबद्दल थोडंसं बोलतो आणि मग शाळा, मॉर्गेज, कुणाचं ग्रीन कार्ड कुठवर आलं यावर पुष्कळ बोलतो. यात पुण्यात कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेले एक काका आहेत, ते दर उन्हाळ्यात मुलाकडे येतात आणि ग्रुपचा दर्जा राखतात. एक मावशी आहेत, नातवाला सांभाळायला आलेल्या, त्या हाताला लागेल ते वाचतात, अगदी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची मागची बाजूसुद्धा, पण मत विचारलं की "मला मेलीला काय कळतंय" म्हणतात आणि पुढच्याच वाक्याला सगळ्यांची बोलती बंद करतात. आणि ग्रुप चालवणारी ताई आहे. तिच्याकडे एक्सेल शीट आहे. पुस्तकाचं नाव, पानं, 'साहित्यिक मूल्य' असा एक कॉलम, आणि शेवटी 'कोणी सुचवलं'. हा शेवटचा कॉलम फार वाईट हो. पुस्तक आवडलं तर श्रेय लेखकाला, नाही आवडलं तर शीट उघडून तो कॉलम बघतात.

तर पुस्तक. डी हेंडरसन नावाच्या बाईंचं 'द निगोशिएटर', २००० साली आलेलं. मला ते लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये मिळालं. पाठीवर खालच्या बाजूला क्रॉसचा इवलासा स्टिकर होता, इथल्या बऱ्याच लायब्रऱ्या तसा लावतात, म्हणजे घेणाऱ्याला आधीच कळावं की आत देव आहे, नंतर तक्रार नको. माझ्या कॉपीवरच्या स्टिकरचा एक कोपरा कुणीतरी नखाने खरवडलेला होता. बहुतेक त्यांनाही हे पुस्तक कुठल्यातरी ग्रुपला न्यायचं असणार.

केट ओमॅली ही शिकागोची पोलिसातली बाई. लोकांना ओलीस धरून बसलेल्या माणसाशी बोलणी करून त्यांना सोडवायचं हे तिचं काम. पुस्तक सुरू होतं तेच बँकेतल्या ओलीस नाट्याने, आणि त्या ओलिसांमध्ये एक एफबीआय एजंट सापडलेला आहे, डेव्ह रिचमन. म्हणजे एरवी हिरो येऊन हिरॉइनला वाचवतो आणि मग ती त्याच्या प्रेमात पडते, इथे ती कामावर आलीय आणि हा एवढा ट्रेनिंग घेतलेला गडी गपचूप बसून तिचं काम बघतोय. तिथेच त्याची विकेट पडते. मग पुढे विमानात बॉम्ब, धमक्या, केटच्या मागच्या आयुष्यातलं काहीबाही वर येतं, याच्यापुढे मी सांगणार नाही. स्पीड म्हणाल तर, माझ्या कॉपीत विमानाच्या चॅप्टरला कणीक लागलीय. ती सेलमधून आलेली नाही, माझीच आहे.

आणि तिची भावंडं! सात जण, सगळे अनाथाश्रमातले, रक्ताचं नातं कुणाचंच नाही, मोठेपणी सगळ्यांनी मिळून ठरवून ओमॅली हे एकच आडनाव घेतलं. एक ओलीस सोडवणारी, एक यूएस मार्शल, एक फॉरेन्सिकवाली, एक फायर फायटर, एक मोठ्या दुर्घटनांनंतर लोकांना मानसिक आधार देणारी, एक पॅरामेडिक आणि सगळ्यात धाकटी लहान मुलांची डॉक्टर. सात भावंडांत एकही सॉफ्टवेअर इंजिनिअर नाही यावर आमच्या ग्रुपमध्ये कुणाचा विश्वासच बसेना. एकाने तर विचारलं, मग यांचा व्हिसा कुठला.

असो. पहिली हरकत 'रोमँटिक'वर, ग्रुपमधल्या सगळ्यात तरुण मुलीची. ती जिममध्ये ऑडिओबुक ऐकते, तेही दीडपट स्पीडने. तिने मान वर न करता विचारलं, "स्पाइस लेव्हल काय आहे?" काकांना वाटलं वड्यांबद्दल चाललंय, ते म्हणाले मध्यम. मी म्हणलं, बाई गं, काहीच नाही, अगदी हळदसुद्धा नाही. या प्रकारच्या कादंबऱ्यांचे नियमच तसे आहेत. बेडरूमचं दार बंद, बंद म्हणजे लग्न होईपर्यंत त्या मजल्यावरच कुणी जात नाही. दारू जवळपास नाहीच, एवढी माणसं एवढ्या टेन्शनमध्ये आणि पितात काय तर कॉफी. शिव्या नाहीत. म्हणजे खुनी माणूस विमान उडवून देईल पण तोंडातून वावगा शब्द काढणार नाही, फार तर 'तो शिवी पुटपुटला' एवढंच लिहितात, कुठली ते तुमचं तुम्ही समजून घ्या. आपण सगळ्या ज्या मिल्स अँड बून भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो ना, ती ज्या हार्लेक्विनची, त्यांनीसुद्धा खास या प्रकारासाठी वेगळी मालिका काढलीय, त्यात दर महिन्याला नवी पुस्तकं येतात. ही मात्र हॉलमध्ये टीपॉयवर ठेवता येतात. सासूबाई आल्या तरी उलटी करून ठेवावी लागत नाहीत, हा केवढा मोठा गुण आहे हे ज्यांच्या सासूबाई इंग्रजी वाचतात त्यांनाच कळेल.

ती मुलगी म्हणाली, "मग त्याला रोमँटिक का म्हणायचं?" आता काय सांगू! अडीचशे-तीनशे पानं दोन माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मरता मरता वाचतात, आणि त्याने नुसता तिचा हात हातात घेतला तर आपण पुस्तक मिटून पंख्याकडे बघत बसतो. जुन्या हिंदी पिक्चरवर वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिला सांगितलं तर तिने विचारलं, पंखा का?

दुसरी हरकत 'सस्पेन्स'वर, ती ताईची. 'साहित्यिक मूल्य' या कॉलममध्ये काय लिहू? मी म्हणलं, "लिही, झोप उडते." तिने डॅश टाकला. मग बाकीच्यांनी विचारलेले प्रश्न, जे पुस्तक सुचवणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी लिहिलेलेच असतात: किती पानं आहेत, प्रिंट बारीक आहे का, मराठीत अनुवाद आहे का, पिक्चर आलाय का, कुणी मरतं का, कुत्रा मरतो का (माणसांपेक्षा कुत्र्याची काळजी जास्त, अमेरिकेत राहून हे होतंच), आणि शेवटी दोघांचं जुळतं ना, तेवढं फक्त सांग, मग मी वाचते. अरे, मग वाचायचं काय शिल्लक राहिलं?

तिसरी आणि मुख्य हरकत काकांची, 'ख्रिश्चन'वर. काकांनी चष्मा काढून पुसला. हे ते लेक्चर सुरू करण्यापूर्वी करतात. "अगं, हा धर्मप्रचार आहे. बॉम्ब वगैरे ठीक आहे, ते मी समजू शकतो. पण मध्येच प्रार्थना?" म्हणजे बघा हं, विमान उडवलेलं चालतं, पण त्याच विमानातल्या लोकांसाठी कुणी डोळे मिटले तर गडबड. मी म्हणलं, "काका, तुम्ही 'यमुना पर्यटन' शिकवलंत ना?" काका गप्प. बाबा पदमनजींचं ते पुस्तक १८५७ सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण परीक्षेत उत्तर लिहिलेलं, विधवांचे हाल दाखवणारं, आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. म्हणजे आपल्या भाषेतली पहिली कादंबरीच ख्रिश्चन, वर लग्नसुद्धा लागतंय, नुसता बॉम्ब तेवढा नाही. काका म्हणाले, "ते वेगळं, तो सामाजिक दस्तऐवज आहे." मी म्हणलं, बरोबर आहे, आणि हे पुस्तकही अजून दीडशे वर्षांनी कुणीतरी शिकवेलच, तोवर आपण नुसतं वाचून घेऊया.

प्रचार आहे का? थोडा आहे, खोटं कशाला बोलू. काही पानांवर लेखिका गोष्ट थांबवून आपल्याला शेजारी बसवून घेते असं वाटतं, आणि मला तिथे कंटाळाही आला. माझा नवरा तर म्हणाला, प्रार्थना आली की पान उलटलं तर चालेल का, काही मिस होईल का? होईल. तीच तर गंमत आहे. केट देवाबिवाला मानत नाही आणि डेव्ह पक्का श्रद्धाळू, आणि ख्रिश्चनांमध्ये विश्वास ठेवणाऱ्याने विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जोडी करू नये असं बायबलमध्ये पौल नावाच्या प्रेषिताने स्पष्ट लिहून ठेवलंय, करिंथकरांस दुसरं पत्र, सहावा अध्याय, चौदावं वचन. म्हणजे मुलगी पसंत, नोकरी उत्तम, खानदान (सात जणांचं का होईना) चांगलं, आणि पत्रिका जुळत नाही! आता याच्यापेक्षा मराठी कथानक असतं का सांगा. खुनी केव्हातरी सापडणार हे आपल्याला माहीत असतं, पण हे पत्रिकेचं कसं सुटणार या काळजीने पानं उलटली जातात. डेव्हने शांती करून घेऊ म्हणावं असं मला दोनदा वाटलं. बरं, नुसतं त्याच्याशी लग्न व्हावं म्हणून ती 'हो मानते' म्हणाली तर ते चालत नाही, तिला आतून पटलं पाहिजे, आणि केटचा धंदाच समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखायचा, त्यामुळे स्वतःलाही फसवता येत नाही. हे मला फार आवडलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना ही भानगड नवीन नाही. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, मधली वर्षं त्या माणसावर जीव असून त्याच्या धर्मावर नाही, हा जो काही पेच त्यांनी हसत-रडत लिहिलाय त्याच्यापुढे डेव्ह-केट म्हणजे लहान मुलं. पण लहान मुलांचंही दुखतंच की. हे मी काकांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा परत घातला, याचा अर्थ ते मान्य करतायत असा नाही, पण वडा दिसत नव्हता.

आणखी एक गंमत, ही मालिका आता जे टिंडेल हाऊस छापतं ते आमच्या इथून जवळच आहे, कॅरल स्ट्रीमला. ते सुरू करणारे केनेथ टेलर शेजारच्या व्हीटनला राहायचे, दहा मुलांचे बाप, आणि आपल्या मुलांना बायबलची भाषा कळत नाही म्हणून शिकागोला नोकरीला जाता-येता लोकल ट्रेनमध्ये बसून ते सोप्या इंग्रजीत लिहून काढायचे. प्रकाशक मिळेना म्हणून १९६२ मध्ये त्यातला पहिला भाग, बायबलमधली पत्रं, स्वतःच छापला. माझा नवराही रोज ट्रेननेच शिकागोला जातो, लाइन वेगळी पण गर्दी तीच, आणि इतक्या वर्षांत त्याने मोबाइलवर फक्त गोळ्या फोडल्यात. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, त्यांना दहा मुलं होती, घरी शांतता कुठली मिळणार.

व्हिलनबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्याच्यावर अजून मेहनत घ्यायला हवी होती. हिरो-हिरॉइन इतके चांगले की त्यांच्यासमोर उभं राहायला माणूस तसाच वजनदार पाहिजे, तो नाही. शिवाय सगळ्यांना सगळं येतं, सात भावंडांत एकजण तरी बावळट असायला हवा होता, आपल्याकडे तो प्रत्येक घरात असतो आणि त्याच्यामुळेच घर चालतं. अजून एक, ही मालिका आहे, आणि धाकटीच्या आजारपणाचा धागा या पुस्तकात सुरू होऊन पुढे चालत राहतो, तेव्हा मधलंच कुठलंतरी स्वस्त मिळालं म्हणून तिथून सुरुवात करू नका. पहिलं वाचा, मग मार्शलचं 'द गार्डियन'. आणि रविवारी रात्री सुरू करू नका, सोमवारी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवावा लागतो.

शेवटी मतदान झालं आणि पुढच्या महिन्यासाठी काकांनी सुचवलेलं चार पिढ्यांचं जाडजूड काहीतरी निवडलं गेलं, ज्याचा एक्सेलमधला कॉलम भरगच्च आहे आणि जे कुणीही पूर्ण करणार नाही हे ताईसकट सगळ्यांना माहितीय. माझी कॉपी मावशी पिशवीत डब्याखाली घालून घेऊन गेल्या. इंग्रजी हळूहळू वाचते हो, म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात फोन. मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाल्या, "मला मेलीला काय कळतंय. ते देवाचं बरं आहे, त्यांचा देव आहे, ते त्याचं नाव घेणारच, आपण काय पोथीत दुसऱ्याचं घेतो का. पण ही पोरगी काय बोलते गं! समोरचा बंदूक घेऊन बसलाय आणि हिचा आवाज चढत नाही. त्याला काय हवंय ते आधी त्यालाच बोलू देते, मध्ये तोंड घालत नाही, हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अशी कुणी बाई खरंच मिळते का इथे, तासावर वगैरे? धाकट्याच्या लग्नाची बोलणी आहेत पुढच्या शनिवारी, मुलीकडचे हॉल डाउनटाउनचाच पाहिजे म्हणून अडून बसलेत."