‘६४ टक्के संशोधन खोटं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

‘१०० संशोधनं पुन्हा तपासली, ६४ खोटी निघाली, शास्त्रज्ञांनीच कबूल केलं, मग डॉक्टरच्या गोळीवर विश्वास कशाला?’ अशा अर्थाचा मजकूर फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतो. आकडा हवेतला नाही, हीच पंचाईत आहे.

तो २०१५चा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने २७० संशोधकांनी १०० प्रयोग नव्याने करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला होता; फेरप्रयोगांत ३६ टक्क्यांतच उतरला. पण हे सगळे प्रयोग मानसशास्त्राचे. गोळ्यांचा त्यात संबंधच नव्हता.

‘उरलेले खोटे’ हेही घाईचं. फेरप्रयोग फसला म्हणजे पहिला चुकला असेल, दुसरा चुकला असेल किंवा भाग घेणारी माणसंच वेगळी असतील.

‘शास्त्रज्ञ सगळं लपवतात’ असंही ऐकू येतं. पण नोसेक यांच्या गटाने डेटा खुला ठेवला. त्याच डेटावरून २०१६ मध्ये हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी नोसेक गटाच्याच निष्कर्षावर टीका केली.

आता गोळ्या. निकाल हाती आल्यावर प्रश्नपत्रिका काढली तर कोणीही पास होतो. औषधांच्या चाचण्यांत हे चालायचं: वीस गोष्टी मोजायच्या, जुळली तीच ‘आम्ही हीच शोधत होतो’ म्हणून छापायची. उपाय साधा, काय मोजणार ते आधी नोंदवायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या पाहा. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला. अशी नोंद सुरू झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये! नोंद हे एकमेव कारण असेलच असं नाही, पण एवढी घसरण बोलकी आहे. फॉरवर्डवाल्याला यातही ‘विज्ञान हरलं’ दिसेल. मला दिसतं ते असं, की निरुपयोगी उपचार आता पकडले जातात.

आपल्याकडे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही अशा चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. ती कोणालाही फुकट पाहता येते. मात्र चाचणी नोंदवली म्हणजे तिचा निकाल छापून येईलच असं नाही. बोंब मारायचीच असेल तर इथे मारावी.