एक पिक्चर शेवटपर्यंत बघू द्याल का मला?

मागितलं काय होतं मी? पैठणी नाही मागितली, काश्मीर नाही मागितलं. शनिवार-रविवार घरी बसून दोन जुने मराठी पिक्चर बघायचे, शनिवारी 'संत तुकाराम', रविवारी 'जगाच्या पाठीवर', आणि मध्ये कोणी कडमडायचं नाही. बस्स. त्यासाठी शुक्रवारी रात्री भाज्या चिरून डबे भरून ठेवले, पोळ्यांच्या मावशींना सकाळी लवकर बोलावलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं की बाबा रे, बेल वाजवू नकोस, कपडे दाराला लटकवून जा. आणि आत्ता रविवारी रात्री मी काय बघतेय? छत. टीव्हीच्या वरचं छत बघतेय.

दुपारी चारला चहा घेऊन बसले होते. 'जगाच्या पाठीवर', १९६०. राजा परांजपे दिग्दर्शक, नायकही तेच, गदिमांची गाणी, बाबूजींचं संगीत. कितव्यांदा बघतेस असं विचारू नका. सीमाताईंची ती आंधळी मुलगी पडद्यावर आली की माझा घसा दाटतो, आणि मला नेमकं तेच हवं असतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या रुमालात, 'काय झालं गं?' असं कोणी न विचारता रडायचं. तर घसा दाटला, रुमाल काढला, आणि टप्प. टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर. मग आणखी एक टप्प. मग फट्‌! एमसीबी पडला, पंखा थांबला, टीव्ही काळा, आणि आतून नवऱ्याचा आवाज, "काय केलंस गं?"

मी केलं! मी छतात पाणी सोडलं!

वर गेले. वरच्या फ्लॅटचा मालक बंगळुरूला, इथे तीन पोरं भाड्याने. अर्धी चड्डी, कानात ते पांढरे गोळे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "काकू, पण आमच्याकडे तर कोरडं आहे." अरे असणारच ना कोरडं, सोन्या! तुझं पाणी माझ्याकडे आलंय! वॉशिंग मशीन चालू होतं का, तर "हो, दोन लोड झाले." मालकाला फोन लावला. तो म्हणाला वॉटरप्रूफिंग मागच्याच पावसाळ्यात केलंय, तुमच्या स्लॅबचा काही प्रॉब्लेम असेल. माझा स्लॅब! बाई गं, माझा स्लॅब म्हणजे तुझी फरशी रे! सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, लेखी अर्ज द्या, कमिटीसमोर ठेवू. तोपर्यंत काय, थेंबांनाही सांगू का, कमिटी बसेपर्यंत थांबा म्हणून?

आणि मग तो प्लंबर. फोनवर, "ताई, खालीच आहे, पार्किंगमध्ये." कुठल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ते नाही सांगितलं. कोथरूडमध्ये इमारती काय कमी आहेत! पुन्हा फोन केला, "निघालोय." पुन्हा केला, "ट्रॅफिकला आहे." रविवारी संध्याकाळी ट्रॅफिक असतंच, मान्य, पण पार्किंगमधल्या माणसाला ट्रॅफिक लागतं कसं? शेवटी उगवला. चपला न काढता वरच्यांच्या बाथरूममध्ये गेला, वाकून बघितलं, जिभेने च्‌ च्‌ केलं आणि मला म्हणाला, "हे काम कोणी केलंय हो? अगदीच काहीतरी करून ठेवलंय." मी म्हटलं, तूच. मागच्या दिवाळीच्या आधी. तूच केलंयस. त्यावर एक सेकंद थांबला आणि काय म्हणावं? "तेव्हा मटेरियल चांगलं नव्हतं दिलं तुम्ही." लाज? कशाला हवी! नहाणी ट्रॅप गेलाय म्हणे, फरशी फोडावी लागेल, पण आज नाही, मजूर नाही. वर थोडं व्हाइट सिमेंट फासलं, वॉशिंग मशीन लावायचं नाही असं पोरांना बजावलं, आणि 'व्हिजिट'चे पैसे घेऊन गेला. आला होता कसला, व्हिजिटलाच आला होता.

शनिवारचं सांगितलंच नाही अजून.

'संत तुकाराम', १९३६. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला पिक्चर. ज्या प्रभात स्टुडिओत तो तयार झाला, तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, माझ्या घरापासून रिक्षाने जेमतेम मीटर पडतं इतक्या अंतरावर. आणि हा पिक्चर मी माझ्या घरात कसा बघितला? तुकोबांचं पागोटं कापलेलं! विठोबाचा मुकुट गायब! का, तर आमच्या ह्यांना टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघवत नाहीत. "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय अर्धा बघायला?" असं म्हणून रिमोट घेतला आणि चित्र ताणलं. आधी आडवं ताणलं, तर पागनीस पैलवान दिसायला लागले. मग झूम केलं, तर वरून-खालून कापले गेले. अहो, जुना पिक्चर जवळपास चौकोनीच असतो, चारास तीन! त्या पट्ट्या म्हणजे बिघाड नाही, तिथे चित्र नाहीच आहे! हे मी लग्नानंतर कितीदा सांगितलं असेल. माणूस ऐकतो, मान डोलावतो आणि रिमोट घेतो.

त्यात चिरंजीवांनी टीव्हीत कसलंसं सेटिंग चालू करून ठेवलेलं. सगळं गुळगुळीत करणारं. सेकंदाला चोवीस चित्रं असतात पिक्चरमध्ये, त्यांच्या मधली चित्रं हा टीव्ही आपल्या मनाने तयार करतो. म्हणजे दामले-फत्तेलालांनी जे काढलंच नाही ते मला दाखवतो! शहाणाच आहे. गरुडाचं विमान वैकुंठाला निघालं तर संध्याकाळच्या मालिकेत सून माहेरी निघाल्यासारखं दिसत होतं. बंद कर म्हटलं तर "आई, पण हेच क्लिअर दिसतं." क्लिअर कोणाला हवंय रे?

आणि जाहिराती. अभंगाच्या मध्ये! 'आधी बीज एकले' चालू आणि मध्येच गुडघेदुखीचं तेल. पूर्वी निदान मुंबई दूरदर्शनवर 'व्यत्यय'ची पाटी तरी लावायचे. शनिवारी मराठी पिक्चर, अर्धी चाळ आमच्या खोलीत, आणि नेमकी हिरोइन बेशुद्ध पडली की 'व्यत्यय'. पण त्या पाटीत एक सभ्यता होती. गुडघे नव्हते तिच्यात.

हे सगळं कमी म्हणून शनिवारी मध्येच वन्सं आल्या. आल्या त्या आल्या, बसल्याबसल्या रिमोट घेऊन म्हणाल्या, "हे काय रडकं लावलंयस, 'बनवाबनवी' लाव ना." लावला. १९८८ पासून हा पिक्चर या घराण्यात एकदाही ऐकू आलेला नाही. कारण अशोक सराफ तोंड उघडायच्या आधी वन्सं वाक्य म्हणून मोकळ्या, लक्ष्याच्या आधी माझा नवरा, आणि उरलेलं चिरंजीव. पिक्चर मागून मागून येतो बिचारा. वर ह्यांचं ते ठरलेलं, "तुम्हाला माहितीय का, हा मूळ हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून, १९६६." माहितीय! आम्हाला सगळ्यांना माहितीय! दर वेळी तुम्हीच सांगता! त्या नादात गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, आणि बर्नर पुसायला कोण उठलं ते सांगायला नकोच.

एवढी चिडचिड करून झाल्यावर मी आज संध्याकाळी स्टुलावर उभी होते, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात फडकं, पदर खोचलेला, आणि माझ्या लक्षात आलं की मी 'जग हे बंदिशाळा' मोठमोठ्याने म्हणतेय. वरचा पोरगा जिन्यात थांबून विचारतो, "काकू, बरं वाटतंय ना?" त्याची काही चूक नाही म्हणा. गळणाऱ्या छताकडे तोंड करून बाबूजींचं गाणं आळवणारी बाई दिसल्यावर मीही हेच विचारलं असतं. सूर तर भलतीकडेच लागला होता.

पण खरं सांगू? 'संत तुकाराम'मध्ये मला तुकोबांपेक्षा जिजाईच पटते. लहान होते तेव्हा वाटायचं, काय कजाग बाई आहे, एवढा साधा नवरा आणि ही सारखी ओरडते. आता पंचावन्न ओलांडल्यावर वाटतं, बरोबर आहे तिचं! हा बाबा अभंग म्हणतोय, घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि घरातली सगळी माणसं शांत. कोणीतरी ओरडायला नको? ती तर पायातली वहाण हातात घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात घुसते. गौरीबाईंनी काय केलंय ते काम! मला तो प्रसंग शनिवारी कापलेल्या चित्रात बघावा लागला, तरी अंगावर काटा आला. फक्त माझ्या बाबतीत वहाण कोणावर उगारायची हेच कळत नाही. मालक बंगळुरूला, प्लंबर पार्किंगमध्ये, सेक्रेटरी लेखी अर्जाच्या मागे.

तर 'जगाच्या पाठीवर'ची शेवटची वीस मिनिटं राहिली ती राहिलीच. नवरा म्हणाला, "एवढं काय, तुला शेवट माहितीये ना?" या वाक्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढच्या शनिवारी 'पिंजरा' आहे. डॉक्टर लागू आणि संध्या. चित्राची चौकट मी आत्ताच नीट करून ठेवलीय, ते गुळगुळीत सेटिंग बंद केलंय, आणि रिमोटमधले सेल काढून माझ्या पर्समध्ये ठेवलेत. वन्संना सांगून टाकलंय की आम्ही गावाला जातोय. ह्यांनाही तेच सांगावं का, या विचारात आहे.