भाजी तीच, डबा दुसरा

गाडीच्या स्टिरिओला पेनड्राइव्ह लावावा, पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसावं आणि त्याने ‘अनसपोर्टेड फाइल’ एवढंच म्हणून तोंड फिरवावं, इथून या दुखण्याला सुरुवात होते. कधी गाडीच्या जागी टीव्ही असतो. चित्र झकास, पात्रं तोंडं हलवतायत, आवाज मात्र मौनात. कधी नागपूरच्या मावशींनी व्हॉट्सअ‍ॅपवर गाऊन पाठवलेली मंगलाष्टकं ‘ओपस’ नावाच्या फाइलमध्ये येतात आणि कार्यालयातला साउंडवाला म्हणतो, ‘‘आमच्याकडे हे चालत नाही, एमपीथ्री आणा.’’ मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘‘अरे, कन्व्हर्ट करून टाक ना. पाच मिनिटांचं काम आहे.’’

ही पाच मिनिटं मुहूर्ताच्या पाच मिनिटांसारखी असतात.

‘फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर’ असं शोधलं की जे पान उघडतं, त्यावर ‘डाउनलोड’ची चार बटणं दिसतात. सगळ्यात मोठं, हिरवंगार आणि मध्येमध्ये चमकणारं असतं ते जाहिरातीचं. खरं बटण बारीक निळ्या अक्षरांत, गरीब नातेवाइकासारखं कोपऱ्यात उभं असतं. खूण सोपी आहे. क्लिक न करता माउसचा बाण बटणावर नुसता धरायचा. ब्राउझरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. तो भलत्याच गावचा असेल तर हात मागे घ्यायचा.

बटण बरोबर सापडलं की इन्स्टॉलर येतो. सत्यनारायणाला आपण ‘समर्पयामि, समर्पयामि’ म्हणत जातो त्याच भक्तीने इथे ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबलं जातं. पण मध्येच एका पाटावर दोन पर्याय मांडलेले असतात: ठळक अक्षरांत ‘एक्स्प्रेस’ आणि फिकट राखाडीत ‘कस्टम’. राखाडीच निवडायचं. ते निवडल्यावरच कळतं की कन्व्हर्टरबरोबर एक अनोळखी ब्राउझर, एक ‘पीसी क्लीनर’ आणि कुठल्याशा अँटिव्हायरसची तीस दिवसांची प्रत आमंत्रण नसताना पंगतीला बसलेली आहे. प्रत्येकाच्या पुढची टिक काढावी लागते.

एवढं करून ‘फ्री’ म्हणजे नक्की काय फ्री, हे शेवटीच समजतं. उतरवून घेणं फ्री असतं. उघडून बघणंही फ्री. एका जातीचा कन्व्हर्टर पहिली तीन मिनिटंच करून देतो. दुसरा एक तृतीयांश फाइल करतो आणि हात पसरतो. तिसरा अख्खी करून देतो, पण नवरीच्या मुंडावळ्यांच्या मधोमध स्वतःचं नाव छापून. आणि हे सगळं चाळीस मिनिटं हिरवी पट्टी सरकवून झाल्यावर. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणावं, तर इथे आवळासुद्धा अर्धाच मिळतो. म्हणून कुठलाही नवा कन्व्हर्टर आणला की आधी दहा मिनिटांचा एखादा नगण्य व्हिडिओ त्याला द्यावा. पूर्ण आणि कोरा परत आला, तरच लग्न त्याच्या हाती सोपवावं.

‘मग ऑनलाइन कर’ म्हणणारे असतातच. दोन जीबीची फाइल १० एमबीपीएसच्या अपलोडने वर चढायला साधारण सत्तावीस मिनिटं लागतात, तीही लाइन आणि लाइट दोन्ही टिकले तर. चढल्यावर तिथली पाटी सांगते की फुकटात शंभर एमबीपर्यंतच. शिवाय आपलं घरगुती चित्रण कुणाच्या सर्व्हरवर किती दिवस पडून राहणार, याचा पत्ता नाही. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने या फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरांबद्दल इशारा दिला होता: काही साइट फाइल बदलून देतात खऱ्या, पण सोबत व्हायरसही बांधून देतात. पार्सलबरोबर चटणी द्यावी तसा.

आता आतली गोष्ट. या बाजारात पाट्या शेकडो असल्या तरी बहुतेकांचा भटारखाना एकच आहे. त्याचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २०००मध्ये तो सुरू केला. तो खरोखर फुकट आहे, कुठलीही तारांकित अट नाही. पैसे मागणारे कितीतरी कन्व्हर्टर याच भटारखान्यातून ताट आणून वर कोथिंबीर भुरभुरवतात. मग लोक थेट आत का जात नाहीत? कारण तिथे बटणंच नाहीत. काळी खिडकी, चमकणारी रेघ आणि तुम्ही. त्यातून अधिकृत साइटवर गेलात तर हाती लागतो मूळ सोर्स कोड, म्हणजे जेवायला गेलेल्या माणसाला बियाणं. तयार प्रतींच्या लिंका तिथेच असतात, पण शोधाव्या लागतात. विंडोज ११वर सोपा रस्ता आहे: टर्मिनल, म्हणजे तीच काळी खिडकी, उघडून ‘विनगेट इन्स्टॉल एफएफएमपेग’ अशी ओळ इंग्रजीत टाइप करायची, की बाकीचं तो बघतो. नंतर टर्मिनल एकदा बंद करून उघडायचं, नाहीतर ‘अशी कमांडच नाही’ म्हणतो आणि माणूस सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

पण भटारखान्यात शिरण्याआधी डबा आणि भाजी यातला फरक कळायला हवा. निम्मा छळ तो न कळल्यामुळे होतो. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही नावं डब्यांची. आतली भाजी, म्हणजे चित्र-आवाज दाबून भरायची पद्धत, वेगळी: चित्रासाठी एच.२६४ किंवा एचईव्हीसी, आवाजासाठी एएसी, एसीथ्री, डीटीएस. टीव्ही ‘एमपीफोर चालतं’ म्हणतो, पण आत एचईव्हीसी निघालं तर जुना टीव्ही ताट ढकलतो. चित्र दिसतं आणि आवाज नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच की आवाज डीटीएसमध्ये आहे आणि टीव्हीला ते पचत नाही. डब्यात काय आहे ते उघडून बघायला मीडियाइन्फो नावाचा छोटा, फुकट प्रोग्राम आहे. व्हीएलसी प्लेअर असेल तर फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं तरी कळतं. मीडियाइन्फो एच.२६४ला ‘एव्हीसी’ म्हणतो. घाबरायचं कारण नाही, एकाच माणसाची पाळण्यातली आणि हाकेची अशी दोन नावं आहेत.

काही जण याहून झटपट उपाय करतात: फाइलचं नाव बदलतात. डॉट ओपस खोडून डॉट एमपीथ्री लिहितात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यातही विंडोज शेवटची अक्षरं मुळात लपवून ठेवतो, त्यामुळे नवं नाव होतं ‘मंगलाष्टकं.एमपीथ्री.ओपस’ आणि दिसतं फक्त पहिलं. ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ एवढं चालू केलं की सोंग उघडं पडतं.

डबा आणि भाजी एकदा वेगळी दिसली की एक सुखद गोष्ट लक्षात येते: पुष्कळदा शिजवायचं काहीच नसतं. एमकेव्हीच्या डब्यात टीव्हीला चालणारीच भाजी असते, फक्त डबा बदलायचा. एफएफएमपेगला ते सांगायचं असं: एफएफएमपेग, जागा, डॅश आय, जागा, जुन्या फाइलचं नाव, जागा, डॅश सी, जागा, कॉपी, जागा, नव्या फाइलचं नाव. दोन तासांचा सिनेमा चहा गाळेपर्यंत तयार, कारण चित्र पुन्हा बनत नाही, नुसतं उचलून ठेवलं जातं. दर्जा तसूभरही कमी होत नाही. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचं, नाहीतर ‘आत्याचं’ ही एक फाइल आणि ‘लग्न’ ही दुसरी असं तो समजतो. सबटायटल्सवरून अडला तर डॅश एसएन जोडायचं. एमकेव्हीतली साधी सबटायटल्स एमपीफोरच्या डब्यात जशीच्या तशी मावत नाहीत. आणि फक्त आवाज पचत नसेल तर चित्र कॉपी करून आवाज तेवढा एएसी करायचा, १९२ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १९२ किलोबिट. हे न करता अख्खा सिनेमा पुन्हा शिजवणारा माणूस म्हणजे मीठ कमी पडलं म्हणून कुकर पुन्हा लावणारा.

पुन्हा शिजवण्याचं पथ्य एकच. चरकातून एकदा काढलेलं चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस गोड होत नाही. १२८ केबीपीएसचं गाणं ३२० केबीपीएसला कन्व्हर्ट केल्याने फाइल अडीचपट फुगते, आवाज होता तोच राहतो, किंबहुना कणभर उतरतो. जुन्या फोनमधलं एएमआर रेकॉर्डिंग तर सेकंदाला ८,००० नमुन्यांवरच घेतलेलं असतं. त्यातून जे गेलं ते कुठलंही बटण परत आणत नाही. हिशोब लक्षात ठेवायला सोपा: १२८ केबीपीएस म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, सीडीच्या दर्जाचं डब्ल्यूएव्ही म्हणजे मिनिटाला दहा. मावशींच्या एकट्या आवाजाला ९६ केबीपीएसचं मोनोही पुरे. ऑडिओच्या अशा कामाला फ्रीएक नावाचा कन्व्हर्टर पुरतो: फाइली आत ओढायच्या, लेमचा एमपीथ्री एन्कोडर निवडायचा, बटण दाबायचं. कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी हा आवाजाचा संपादक. ‘त्यासाठी लेम वेगळं उतरवा’ हा सल्ला अजून फिरतो, पण २०१९पासून ते ऑडॅसिटीच्या पोटातच येतं. वेगळं ठेवायचं कारणच, एमपीथ्रीच्या पेटंटांचा परवाना-कार्यक्रम, एप्रिल २०१७मध्ये संपलं.

व्हीएलसीनेही कन्व्हर्ट होतं: कंट्रोल आणि आर, फाइल निवडा, ‘कन्व्हर्ट’. तिथे मुळात व्हिडिओचं प्रोफाइल निवडलेलं असतं, ते बदलून ‘ऑडिओ एमपीथ्री’ करायचं विसरू नये. स्टार्ट दाबल्यावर पडद्यावर काहीच होत नाही, फक्त खालची पट्टी मुकाट सरकते. माणसाला वाटतं अडकलं, तो स्टॉप दाबतो, आणि हाती अर्धी मंगलाष्टकं येतात. ‘शुभमंगल’ झालं, ‘सावधान’ राहिलं.

खरी परीक्षा लग्नाच्या डीव्हीडीची. ती अशा कामाला काढली जाते तेव्हा तिच्यावर बोटांचे ठसे आणि हळदीचा डाग असतोच. मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल ओरखडा लेझरला आडवा येतो. आत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर, आणि त्यात एकेका जीबीचे व्हीओबी तुकडे. लोक एकेक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करतात आणि सप्तपदी चार पावलांवर तुटते. त्याऐवजी अख्खं फोल्डर हार्डडिस्कवर उतरवून हँडब्रेक नावाच्या फुकट व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये उघडायचं, म्हणजे तो सगळं सलग वाचतो. हँडब्रेकची साइट डॉट कॉम नव्हे, डॉट एफआर आहे. नवख्याला नेमकी खरीच साइट खोटी वाटते. संशयाला तसा आधारही आहे म्हणा. मे २०१७मध्ये त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर चार दिवस मॅकची विषारी प्रत बसलेली होती, म्हणून साइटवर दिलेला चेकसम, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, जुळवून बघणाऱ्याला हसू नये.

डीव्हीडी आपल्याकडे ७२० बाय ५७६ची, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेलं: एक सोडून एक रेघा आधी, उरलेल्या रेघा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतर. एवढ्या वेळात अक्षता टाकणारा हात पुढे गेलेला असतो. कम्प्युटरवर दोन्ही अर्धी एकदम दिसली की हाताला फणीचे दात फुटतात. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस चालू करायचं, त्यात ‘बॉब’ निवडलं तर सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि वरातीतला नाच झटके देत नाही. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ २०च्या आसपास. इथे आकडा जितका लहान तितका दर्जा जास्त, पण हावरेपणाने शून्यावर नेलं तर मुळापेक्षा मोठी फाइल जन्माला येते. आकार फोर-के करायच्या फंदात पडू नये. चित्र मोठं होतं, तपशील नाही. आणि चौकोनी चित्र रुंद पडद्याला ताणू नये, नाहीतर एरवी शेलाटे काका पंक्तीला बसण्याआधीच जेवल्यासारखे दिसतात.

डीव्हीडीच्या आधीची व्हीसीडी असेल तर तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी नावाची फाइल सापडते. ३५२ बाय २८८. व्हीएलसी ती सरळ चालवतो. चेहरे ओळखू येतात, साड्यांचे काठ नाही.

सगळं झालं, एमपीफोर तयार झाली, पेनड्राइव्हवर टाकायला गेलं की विंडोज म्हणतो, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्हवर जागा तर वीस जीबी रिकामी! पण तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्यात एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही. एक्सफॅट केलं की जाते, पण मग कितीतरी गाड्यांचे स्टिरिओ तो पेनड्राइव्हच ओळखत नाहीत. म्हणून लग्नासाठी एक आणि गाडीसाठी एक, असे दोन पेनड्राइव्ह. गाडीच्या पेनड्राइव्हवर गाणी ०१, ०२ असे आकडे घालून त्याच क्रमाने, एकेक करून टाकायची, कारण पुष्कळ स्टिरिओ अक्षरांचा क्रम बघत नाहीत, कॉपी झाल्याचा क्रम बघतात. घाईत सगळी एकदम ओढली तर भूपाळीच्या आधी भैरवी लागते.

मग एकदाचा पेनड्राइव्ह गाडीत जातो. चक्र फिरतं, थांबतं, आणि अभंग सुरू होतो, खणखणीत. पडद्यावर त्याचं नाव: चौकोन, चौकोन, चौकोन, चौकोन, डॉट एमपीथ्री. स्टिरिओत देवनागरीचा फॉन्ट नाही.