काउंटीच्या कोर्टात नाव नाही, म्हणजे दिवाळं निघालेलं नाही?

अमेरिकेतल्या लहान गावात घर, शेतजमीन किंवा मोटेल घेऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये एक सल्ला फिरत असतो. तो थोडक्यात असा: ‘विकणाऱ्याचं दिवाळं निघालंय का, हे काउंटीच्या कोर्टात विचारा. तिथे नाव नसेल तर माणूस साफ. पेसर ही वकिलांची महागडी भानगड आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. केस डिसमिस्ड किंवा क्लोज्ड दिसली तर कर्ज मिटलं. दहा वर्षांनी नोंद पुसली जाते. आणि नाव सापडलंच, तर सौदा सोडा.’

(पेसर म्हणजे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या नोंदी ऑनलाइन बघण्याची सेवा.) यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. यावर विसंबून लोक इसार देऊन बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘काउंटीच्या कोर्टात विचारा.’

दिवाळखोरीचा कायदा करण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेनेच संसदेला दिला आहे. त्यामुळे हे दावे फक्त संघीय न्यायालयात चालतात, कोणत्याही काउंटीच्या किंवा राज्याच्या कोर्टात नाही. नेब्रास्कातली चेरी काउंटी घ्या. सुमारे ६,००० चौरस मैलांचा पसारा आणि २०२० च्या जनगणनेत साडेपाच हजारांच्या आत वस्ती. व्हॅलेंटाइन या मुख्य गावातल्या कोर्टहाउसमध्ये जमिनीचे दस्त मिळतील, स्थानिक खटले मिळतील, पण दिवाळखोरीची फाइल मिळणार नाही. अख्खं नेब्रास्का हा एकच संघीय जिल्हा आहे आणि दिवाळखोरी न्यायालयाची कार्यालयं ओमाहा आणि लिंकनला आहेत. व्हॅलेंटाइनहून लिंकन सुमारे ३०० मैल लांब. केस क्रमांकातले पहिले दोन आकडे वर्षाचे असतात. नेब्रास्कात त्यापुढचा आकडा ४ असेल तर केस लिंकनची, ८ असेल तर ओमाहाची.

गोंधळ होण्याला एक कारण आहे. दिवाळखोरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म १०१ मध्ये, राहत्या पत्त्यासोबत काउंटीही लिहावी लागते आणि संघीय न्यायालयं काउंटीवार आकडेवारी छापतात. ‘अमुक काउंटीत इतके अर्ज’ असं वाचून लोकांना वाटतं की अर्ज तिथेच पडलेत. त्या तक्त्यात नुसती संख्या असते, नावं नसतात.

काउंटीत काहीच हाती लागत नाही असंही नाही. एखाद्या सावकाराने तिथे वसुलीचा दावा लावला असेल आणि मध्येच त्या फाइलमध्ये ‘सजेशन ऑफ बँकरप्सी’ नावाचा, दिवाळखोरीची सूचना देणारा कागद आला असेल, तर त्यावर संघीय केस क्रमांक मिळतो. जमिनीच्या दस्तांमध्ये दिवाळखोरी न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत नोंदवलेली असू शकते. सापडलं तर उत्तम धागा मिळाला. न सापडल्यावरून मात्र काहीही सिद्ध होत नाही.

‘तिथे नाव नसेल तर माणूस साफ.’

नेब्रास्काच्या संघीय न्यायालयात नाव नसेल तरी हे म्हणता येत नाही. अर्ज कुठे करायचा, हे आधीच्या १८० दिवसांतला जास्तीत जास्त काळ माणूस कुठे राहिला यावरून ठरतं. चेरी काउंटीची उत्तर सीमा साउथ डकोटाला लागून आहे. दोन महिन्यांपूर्वी सीमेपलीकडून राहायला आलेल्याचा अर्ज साउथ डकोटातच होईल. कंपनी असेल तर ती जिथे नोंदलेली आहे त्या राज्यातही जाऊ शकते, आणि डेलावेअरमध्ये नोंदणी करून दुसरीकडे धंदा करणाऱ्या कंपन्या चिकार आहेत.

म्हणून शोध एका जिल्ह्यात न घेता पेसरच्या ‘केस लोकेटर’मध्ये देशभर घ्या. तिथे बँकरप्सीचा पर्याय निवडा आणि आधी फक्त आडनाव आणि पहिलं नाव टाका. मधलं नाव, ज्युनिअर वगैरे जोडलंत तर खरी नोंद निसटते. मग नवरा-बायकोची नावं वेगवेगळी शोधा, कारण संयुक्त अर्जही होतात. शेताची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल तर तिचं नाव ‘एलएलसी’ लावून आणि न लावता, असं दोन्ही प्रकारे बघा. ही यादी साधारण रोज रात्री अद्ययावत होते, त्यामुळे आजचा अर्ज आज दिसेलच असं नाही. सही करायच्या दिवशी संबंधित जिल्ह्याच्या न्यायालयाच्या यादीत पुन्हा एकदा बघून घ्या.

‘पेसर वकिलांची महागडी भानगड आहे.’

पेसरवर कोणालाही खातं उघडता येतं. नोंदणीत फक्त केस शोधण्याचा पर्याय निवडायचा. दर पानाला १० सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. नावाच्या शोधाला ही मर्यादा लागू नाही, आणि काही सापडलं नाही तरी एका पानाचे पैसे लागतात. हिशेब करून बघा: शोधाचं एक पान १० सेंट, चार पानांचं डॉकेट (केसमधल्या नोंदींची तारीखवार यादी) ४० सेंट, पुरवण्यांसह पन्नास-साठ पानी अर्ज ३ डॉलर. सगळे मिळून साडेतीन डॉलर. आणि तिमाहीचं बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर ते पूर्ण माफ होतं. घरापुरती चौकशी करणाऱ्याला बहुतेक वेळा एक सेंटही द्यावा लागत नाही.

न्यायालयाच्या कार्यालयातल्या सार्वजनिक संगणकावर बघणं फुकट आहे, पैसे छपाईला पडतात. केसची स्थिती मॅकव्हीसिस या स्वयंचलित फोनसेवेवर विनामूल्य ऐकता येते. आधी कोणी रीकॅप हे ब्राउझरचं जोडसाधन वापरून पेसरवरून उतरवलेला कागद कोर्टलिसनर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. हे सगळं असताना ‘संपूर्ण पार्श्वभूमी अहवाल’ विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

‘डिसमिस्ड किंवा क्लोज्ड म्हणजे कर्ज मिटलं.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. आपल्याकडे ‘केस डिसमिस झाली’ म्हटलं की माणूस सुटला असं कानाला वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. डिसमिस्ड म्हणजे अर्ज फेटाळला किंवा मागे घेतला गेला, सर्वसाधारणपणे कर्जमुक्ती मिळाली नाही आणि सावकार पुन्हा वसुलीला मोकळे झाले. कर्जमुक्तीचा शब्द डिस्चार्ज. क्लोज्ड म्हणजे न्यायालयाने फाइल बंद केली, एवढंच. ती डिस्चार्जनंतर बंद होते तशी डिसमिस झाल्यावरही होते. म्हणून डॉकेटच्या माथ्यावरचा शिक्का वाचून थांबू नका, डॉकेटमधली ‘ऑर्डर ऑफ डिस्चार्ज’ ही ओळ शोधा आणि तो आदेश उघडून बघा.

डिस्चार्ज मिळाला तरी सगळं संपत नाही. पोटगी, बरेचसे कर आणि एरवी विद्यार्थी कर्जंही त्यातून सुटत नाहीत. एखाद्या सावकाराने फसवणुकीचा आरोप करून ‘ॲडव्हर्सरी प्रोसीडिंग’, म्हणजे दिवाळखोरीच्या केसमधलाच वेगळा दावा, लावलं असेल, तर त्याचा क्रमांक वेगळा आणि डॉकेटही वेगळं असतं. तेही उघडावं लागतं.

जमीन घेणाऱ्याने तर आणखी खोल जायला हवं. डिस्चार्जने माणसाची वैयक्तिक जबाबदारी संपते, जमिनीवरचा गहाणाचा बोजा सहसा तसाच राहतो. तो बोजा मात्र काउंटीच्या दस्तांमध्येच दिसतो. जनावरं, ट्रॅक्टर किंवा पीक घेत असाल तर नेब्रास्कात सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्य सरकारच्या कार्यालयाकडच्या तारणनोंदी बघा.

चॅप्टर ७ ची, म्हणजे मालमत्ता विकून सावकारांना पैसे देण्याच्या प्रकारची, केस चालू असेल तर मालमत्ता ट्रस्टीच्या, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात असते. मालक म्हणवणारा ती परस्पर विकू शकत नाही. केस बंद झाली असेल तर शेड्यूल ए/बी ही मालमत्तेची यादी उघडा आणि तुम्ही घेत असलेला जमिनीचा तुकडा त्यात लिहिलाय का ते त्याच्या कायदेशीर वर्णनासकट ताडून बघा. लिहिलेला असेल आणि ट्रस्टीने विकला नसेल, तर केस बंद होताना तो सहसा मालकाकडे परत जातो. लिहिलेलाच नसेल, तर फाइल बंद झाल्यावरही तो दिवाळखोरीच्या मालमत्तेतच राहतो आणि केस पुन्हा उघडली जाऊ शकते. अशा वेळी टायटल कंपनीला (जमिनीची मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या कंपनीला) हे लेखी कळवा आणि वकील गाठा.

ग्रामीण भागात दिवाळखोरीचा चॅप्टर १२ हा प्रकारही भेटतो. तो १९८६ मध्ये खास शेतकरी कुटुंबांसाठी आला आणि २००५ मध्ये कायमचा झाला. त्यात तीन ते पाच वर्षं हप्ते भरावे लागतात आणि डिस्चार्ज साधारणपणे शेवटी मिळतो. त्यामुळे दोन वर्षं झाली तरी केस ‘ओपन’ दिसते, यात संशयास्पद काही नाही. हप्ते नियमित जातात का, हे डॉकेटमध्ये ‘मोशन टू डिसमिस’ (केस फेटाळण्याची मागणी) आलंय का यावरून बरंचसं कळतं.

‘दहा वर्षांनी नोंद पुसली जाते.’

दहा वर्षांची मर्यादा क्रेडिट रिपोर्टची आहे. न्यायालयाची नोंद त्या मुदतीने पुसली जात नाही. जुन्या कागदी फाइली संघीय अभिलेख केंद्रात जातात, त्या मागवायला शुल्क पडतं आणि वेळ लागतो.

‘नाव सापडलं तर सौदा सोडा.’

नाव सापडणं आणि माणूस सापडणं वेगळं. नेब्रास्कात एकाच नावाचे दहा जण निघतील, आणि चुकीच्या माणसाला दिवाळखोर ठरवून गावभर सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सोशल सिक्युरिटीचा पूर्ण क्रमांक सार्वजनिक फाइलमध्ये नसतो, तो फॉर्म १२१ वर वेगळा घेतात. डॉकेटवर फक्त शेवटचे चार आकडे असतात. ते, अर्जावरचा पत्ता, काउंटी आणि मागच्या आठ वर्षांत वापरलेली इतर नावं, एवढं जुळवा. तरी शंका उरली तर केस क्रमांक समोर ठेवून विकणाऱ्यालाच विचारा. डिस्चार्ज मिळून केस रीतसर बंद झाली असेल, तर बहुतेकांकडे तो आदेश असतो आणि ते तो दाखवतात.